नऊ नंबरचे अकरा दिवस

लालबोडी खदानीची नोंदखोली म्हणजे जुनी लॅम्प रूम. एके काळी इथल्या लोखंडी मांडण्यांवर कामगारांचे दिवे ओळीनं चार्जिंगला लावलेले असायचे. आता त्याच मांडण्यांवर साठ वर्षांची रजिस्टरं उभी होती. कुंदा पिदुरकर नोंद अधिकारी म्हणून इथं आली, तेव्हा खालच्या दोन रांगा वाळवीनं फस्त केल्या होत्या. उरलेली रजिस्टरं तिनं एकेक करून झटकली, मधे कडुनिंबाचा पाला घातला आणि दोन वर्षं खपून पानन् पान अग्निलेखला वाचायला दिलं.

अग्निलेख हे खदानीत नव्यानं आलेलं यंत्र. यंत्र म्हणायचं इतकंच; दिसायला मॅनेजरच्या ऑफिसातला एक मोठा पडदा. त्याचं काम समजायचं तर आधी कोळशाचा स्वभाव समजायला हवा. कोळसा उघड्यावर आला की हवेतला ऑक्सिजन हळूहळू शोषतो आणि शोषताना थोडा तापतो. मोकळा वारा असला तर ती ऊब निघून जाते. वारा मुळीच नसला तर तापणंच थांबतं. धोका असतो तो अर्धवट हवेचा, म्हणजे तापण्यापुरती आहे पण थंड व्हायला पुरत नाही अशा हवेचा. काम संपलेल्या भागात, पडलेल्या छताखाली, चुऱ्याच्या ढिगात कोळसा असा आतल्या आत तापत राहतो. कुणाला काडी ओढावी लागत नाही. मग तो भाग विटांच्या जाड भिंतींनी बंद करतात, भिंतीत एक नळी ठेवतात आणि तिच्यातून आतली हवा मोजत राहतात. ऑक्सिजन किती उरला, कार्बन मोनॉक्साइड किती वाढला, हे सगळं रजिस्टरात लिहून खाली सही, तारीख आणि वेळ.

माणूस या आकड्यांकडे आजचे म्हणून बघतो. अग्निलेख साठ वर्षांचे आकडे एकदम बघायचं आणि भिंतीपलीकडे, जिथं कुणाला जाता येत नाही, तिथल्या उष्णतेचं चित्र काढायचं. शांत कुठं आहे, धुमसतंय कुठं, सगळं रंगांत दाखवायचं.

जानेवारी २०४१ मधल्या एका दुपारी तन्मय सबनीस नोंदखोलीत आला. अग्निलेख ज्यांनी बांधलं त्या पुण्याच्या चमूतला हा इंजिनिअर, वय सव्वीस-सत्तावीस, रजिस्टरांना हात लावण्याआधी स्वतःचे हात पुसणारा.

"कुंदाताई, झालं! नऊ नंबर शांत आहे. पाच फेब्रुवारीला भिंत उघडायची."

नऊ नंबर पॅनल, म्हणजे खदानीतला कोळसा काढायचा एक स्वतंत्र भाग, डिसेंबर २००९ मध्ये आतून तापल्यामुळे बंद झालं होतं. त्यात चांगल्या प्रतीचा कोळसा तसाच अडकून पडला होता. लालबोडीचा बाकी सगळा भाग संपत आलेला. नऊ नंबर उघडलं तर खदान आणखी सहा वर्षं चालणार होती.

"आणि खरं श्रेय कुणाचं माहितेय?" तन्मय म्हणाला. "तुमच्या बाबांचं. अग्निलेख प्रत्येक लिहिणाऱ्याला भरवशाचे गुण देतं. शंभरात सत्त्याण्णव! लालबोडीत कुणालाच इतके नाहीत. मॅनेजरसाहेब म्हणतायत, भिंतीची पहिली वीट पिदुरकरकाकांच्या हातून काढायची."

कुंदाचा ऊर भरून आला. शेषराव पिदुरकर या खदानीत ओव्हरमन होते. पाळीतल्या माणसांच्या आणि जागेच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांची असे. चौतीस वर्षं त्यांनी ती सांभाळली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक घड्याळ आणि नारळ मिळाला होता. त्यांनी लिहिलेलं कुणी कधी वाचेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

ती घरी गेली तेव्हा शेषराव अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते. कॉलनीतली निम्मी क्वार्टर्स आता कुलूपबंद होती. आई गेल्यापासून या घरात दोघंच. कुंदानं बातमी सांगितली. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सत्त्याण्णव? शाळेत मले कधी सत्तेचाळीसच्या वर भेटले नाई गा," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुना खाकी शर्ट धुऊन इस्त्रीला दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पाच तारीख सांगू लागले.

कार्यक्रमात जुन्या रजिस्टराची पानं मोठी करून लावायचं ठरलं. पानं निवडायचं काम अर्थातच कुंदाकडे आलं. तिनं नऊ नंबरचं आग-तपासणी रजिस्टर काढलं. तेरा डिसेंबरला भिंत बंद झाल्याची नोंद होती. चौदापासून रोजची मापनं. वडिलांचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, आठचा आकडा खालून वर काढलेला. चौदा, पंधरा, सोळा. मांडणीला टेकून ती वाचत गेली, आणि वाचता वाचता तिला शिंगाड्यांचा वास आला.

वास अर्थात आठवणीतला. पण इतका स्पष्ट, की ती खुर्चीवर बसलीच.

डिसेंबर २००९. ती नऊ वर्षांची होती. आईचं पोटाचं ऑपरेशन नागपूरला होतं आणि आई मामाकडे गेली होती. घरात ती आणि बाबा. एरवी बाबा म्हणजे पहाटे निघून जाणारा आणि संध्याकाळी ओळखू न येणारा माणूस. पापण्यांच्या कडांवर काळी रेघ, नखांत काळं, खोकल्यात काळं. त्या दिवसांत मात्र बाबा रजेवर होते. त्यांनीच तसं सांगितलं होतं. सकाळी शेगडीवर पाणी तापवायचे, तिची वेणी घालायचे आणि ती नेहमी एका कानावर तिरपी यायची. शाळेतून आणायला यायचे. मैदानावर सायकलची सीट धरून मागे धावायचे. रात्रीच्या जेवणाला निखाऱ्यावर वांगी भाजून भरीत. एके दिवशी त्यात मीठ दोनदा पडलं तर दोघांनी हसत हसत तसंच खाल्लं. तिला तो सगळा काळ घरातल्या एखाद्या सणासारखा आठवायचा. पुढं आयुष्यात काही बिनसलं की ती मनातल्या मनात त्याच दिवसांकडे जायची. कुणाला बालपण विचारलं तर वर्षं आठवतात. तिला दिवस आठवायचे, मोजून.

आणि रोज चार वाजता बाबा तिला सायकलवर पुढं बसवून खदानीच्या ऑफिसला न्यायचे. "एक सही करून येतो," म्हणायचे. फाटकाशी बसणाऱ्या बाईकडून उकडलेल्या शिंगाड्यांचा पुडा घेऊन द्यायचे आणि तिला लॅम्प रूमबाहेरच्या बाकावर बसवायचे. पुडा संपायच्या आत परत. स्वच्छ शर्टात, स्वच्छ चेहऱ्यानं. गालाला साबणाचा वास.

कुंदानं पान पुन्हा समोर घेतलं. चौदा डिसेंबर, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं, नऊ नंबर, भिंत क्रमांक दोन. ऑक्सिजन इतका. कार्बन मोनॉक्साइड इतका. 'स्वतः जाऊन पाहिले.' सही.

नऊ नंबरची भिंत खदानीच्या तोंडापासून अडीच किलोमीटर आत होती. उतारावरून पायी जायला तास, चढून यायला त्याहून जास्त. शिंगाड्यांच्या एका पुड्यात कुणी तिथं जाऊन येऊ शकत नव्हतं. आणि तिथून कुणी स्वच्छ चेहऱ्यानं येत नव्हतं.

तिनं दिवस मोजले. चौदा ते चोवीस. आई पंचवीसला परत आली होती, नाताळची सुट्टी होती म्हणून पक्कं आठवत होतं. अकरा दिवस. अकरा नोंदी. प्रत्येकीखाली तेच वाक्य.

तिनं रजिस्टर मिटलं. 

दुसऱ्या दिवशी तिनं तन्मयला चहाला बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "समज, कुणी न जाताच आकडे लिहिले असतील, तर तुमच्या अग्निलेखला कळतं का?"

"बहुतेक वेळा कळतं," तो उत्साहानं म्हणाला. "खोटे आकडे गुळगुळीत असतात. नाहीतर तेच तेच पुन्हा येतात. अशा शेकडो नोंदी त्यानं पकडल्यात."

"आणि लिहिणारा जाणकार असला तर? कुठं आकडा थोडा वर जातो, कुठं खाली, हे ज्याला पाठ आहे तो?"

तन्मयनं कप खाली ठेवला. "मग अवघड आहे. पण का विचारताय?"

"नऊ नंबरचे पहिले अकरा दिवस काढून टाकले तर चित्र बदलेल?"

"ते कसे काढता येतील? सगळं त्यांवरच तर उभं आहे." त्यानं बोटानं टेबलावर रेघ ओढली. "हे बघा, भिंत बांधली की आत मोजकी हवा अडकते. तापलेला कोळसा तिच्यातला ऑक्सिजन खातो. कोळशाचा मोठा भाग तापलेला असेल तर तीन-चार दिवसांत फस्त करतो. छोटा असेल तर दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे भूक किती आहे त्यावरून जनावर केवढं आहे ते कळतं. एकदा ऑक्सिजन संपला की मग दोन्हीकडे आकडे सारखेच. जळणं थांबतं, वायू वाढत नाही, नळीतून सगळं शांत दिसतं. आजही तसंच दिसतंय. पण उष्णता कुठं जाणार? कोळशातून आणि खडकातून ती फार सावकाश निघते. छोटा ढीग असेल तर एकतीस वर्षांत थंड झाला. मोठा असेल तर गाभा अजून तापलेला, आणि त्याला ताजी हवा मिळाली तर..." तो थांबला. "पण तुमच्या बाबांच्या नोंदीप्रमाणे ऑक्सिजन संपायला पूर्ण अकरा दिवस लागले. म्हणजे छोटा. म्हणूनच तर आपण निश्चिंत आहोत."

"वरून भोक पाडून तापमान का बघत नाही?"

"मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं. एकशे चाळीस मीटर खोल, महिनाभराचं काम. अग्निलेख ठामपणे शांत म्हणतंय, मग गरज काय?" त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "ताई, काही झालंय का?"

"कोण जाणार आहे पहिल्यांदा आत?"

"बचाव पथक. देवाजी आत्राम आणि त्यांची वीस माणसं."

कुंदानं मान हलवली आणि कप उचलून विसळायला घेतले.

घरी परतताना तिला वाटलं, आपलं चुकत असेल. नऊ वर्षांच्या पोरीचं काय खरं? कदाचित बाबा ती शाळेत असताना सकाळी खाली जाऊन येत असतील. कदाचित आंघोळ करून ऑफिसला येत असतील. तिनं स्वतःला चार-पाच कारणं दिली. पण शाळेच्या पहिल्या सुट्टीत बाबा डबा घेऊन फाटकाशी उभे असायचे, हेही तिला आठवत होतं. आठवणीतला एकेक आनंद उठून साक्ष देत होता.

शेषराव आरशासमोर उभे राहून भाषण म्हणून बघत होते. इस्त्रीचा खाकी शर्ट खुंटीवर टांगलेला.

"बाबा, बसा. मला तुम्हाला एक समजावून सांगायचंय."

तिनं त्यांना कसलाही जाब विचारला नाही. तन्मयनं सांगितलं होतं तेच सांगू लागली. बंद भिंत, अडकलेली हवा, ऑक्सिजन किती दिवसांत संपतो त्यावरून... तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. ते जाणकार होते. पुढचं त्यांचं त्यांनाच दिसलं.

"त्या यंत्रानं ते दिवस धरले काय?" त्यांनी विचारलं. "चौदा ते चोवीस?"

"सगळं त्यांवरच आहे, बाबा."

ते खाटेवर बसले. बाहेर कुणाच्या तरी बकऱ्या कुंपणाची पानं ओरबाडत होत्या. 

"मी गेलो नाई."

"माहितेय मला. मी बाकावर बसले होते."

"रजा मागतली होती. देल्ली नाई. आगीपायी बाकी काम बंद होतं, फक्त रोज नळी मोजून सही करायची. दुसरा ओव्हरमन तापानं पडला होता. तू एकटी, तुही माय नागपूरले. म्हटलं, पोरीजवळ कोण रायन?"

 म्हणजे तिच्यासाठीच. चूक होतीच, पण तिच्यासाठी. इतकं तर ती कुणालाही सांगू शकली असती.

पण शेषराव मान हलवत होते.

"नाई गा कुंदे. आता खोटं नाई सांगत. शेजारची गिरजामाय तुले ठेवून घ्यायले तयार होती." ते दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले होते. "तेरा तारखेले भिंत बांधताना शेवटच्या विटेले मी आत वाकलो. वायू आला. ना वास, ना रंग. पाय गेले, मंग काईच नाई समजलं. माह्या पाळीतल्या लच्छू आत्रामनं मले ओढून काढलं. वर आणलं तवा म्हणे मी निळा पडलो होतो. दुसऱ्या दिवशी उताराच्या तोंडाशी उभा रायलो अन् पाय उचलेना. पंधरा वर्षांचा ओव्हरमन मी, मागच्या लोकांले म्हणत होतो चला रे, भिऊ नका. अन् मी घरी आलो. तुही वेणी घातली. मले कारण पायजे होतं, तू होतीस."

 एकतीस वर्षं जपून ठेवलेली वस्तू कुणीतरी हातातून घेऊन उलटी करून दाखवावी तसं झालं.

"अन् पंचवीसले तुही माय आली," ते म्हणाले, "मंग जाच लागलं. देवाचं नाव घेऊन उतरलो. नळीवर मोजलं, तं आकडा माह्या लिवलेल्या आकड्याशी जुळला. मले वाटलं सुटलो. वाटलं, अंदाज बरोबर निंघाला. आज तू सांगतलं तवा समजलं. आग लहान असो का मोठी, तो आकडा कसाबी तोच येणार होता."

"ते दिवस..." कुंदा म्हणाली आणि थांबली. पुन्हा प्रयत्न केला. "मला वाटायचं तुम्हाला माझ्याजवळ राहायचं होतं."

"पहिल्या दिवशी भेव होतं," म्हातारा म्हणाला. "पाचव्या-सहाव्या दिवशी तू सायकल सोडून एकटीच गेली मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत. त्या दिवशी मले खदान आठवलीच नाई. सही करायले जाच लागते, हेबी तूच आठवून देल्लं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून जाऊ दिलं. "दोन्ही खरं हाये. आता तू ठरव काय ते."

"मी नाही ठरवणार. मी जर नोंद खोटी म्हणून लिहिलं तर नऊ वर्षांच्या पोरीची आठवण म्हणून बाजूला ठेवतील. सही तुमची आहे."

शेषरावांनी खुंटीवरच्या शर्टाकडे बघितलं.

"हाच घालतो," ते म्हणाले.

मॅनेजरच्या ऑफिसात चार माणसं होती. मॅनेजर, तन्मय, कुंदा आणि समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसलेले शेषराव. त्यांनी आधी तोंडी सांगितलं. मग रजिस्टर मागितलं. जुन्या नोंदीवर खाडाखोड करायची नाही, हा नियम त्यांनीच किती जणांना शिकवला होता. म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर आजची तारीख घालून त्यांनी लिहिलं: 'दि. १४ ते २४ डिसेंबर २००९ या अकरा दिवसांत मी नऊ नंबरच्या भिंतीपर्यंत गेलो नाही. या दिवसांचे आकडे माझ्या अंदाजाने लिहिलेले आहेत. ते खरे धरू नयेत.' खाली सही केली आणि सवयीनं वेळही लिहिली.

मॅनेजरनी ते पान दोनदा वाचलं आणि रजिस्टर तन्मयकडे सरकवलं. शेवटी एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही हे न सांगता राहू शकला असतात."

"एकवीस माणसं हायेत साहेब."

तन्मयनं ते पान अग्निलेखला वाचायला दिलं. मोठ्या पडद्यावर नऊ नंबरचा हिरवा रंग आधी पिवळा झाला, मग जागजागी काहीच रंग उरला नाही. यंत्राला आता तिथलं काही माहीत नव्हतं. पण तेवढ्यावर थांबलं नाही. पडद्याच्या कडेला शेषराव पिदुरकर या नावापुढचे गुण उतरू लागले. सत्त्याण्णव, ऐंशी, एकसष्ट. त्यांच्या सगळ्या नोंदी, चौतीस वर्षांच्या, भरवशाच्या निळ्या रंगातून शंकेच्या करड्या रंगात जात गेल्या. पावसाळ्यातल्या, उन्हाळ्यातल्या, दिवाळीच्या पाळीतल्या.

"हे काय?" कुंदा उठून उभी राहिली. "अकरा दिवस खोटे होते. बाकीचे खरे आहेत."

"त्याला तसं कळत नाही, ताई." तन्मयचा आवाज खाली गेला होता. "जो एकदा न जाता लिहितो त्याचं सगळंच ते शंकेनं वाचतं. मी... मीच तसं बसवलंय ते. तेव्हा बरोबर वाटलं होतं."

"करडं होऊ दे गा," शेषराव म्हणाले. "भोक कधी पाडता ते सांगा."

भोक पाडायला सव्वीस दिवस लागले. पाच फेब्रुवारी येऊन गेली. मंडप बांधलाच नाही. कॉलनीत बातमी फुटली तशी माणसं दोन तऱ्हेनं वागू लागली. खदान सहा वर्षं चालली असती ती आता या म्हाताऱ्यामुळे अडली, असं काही जण म्हणाले. काही जण अंगणासमोरून जाताना दुसरीकडे बघू लागले. शेषरावांनी पेपर वाचायची जागा बदलली नाही. कुंदा मात्र या दिवसांत त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलायची. राग होता म्हणावं तर राग नव्हता. तिला फक्त त्या जुन्या दिवसांकडे जायची वाट सापडत नव्हती, आणि वाट दाखवणारा माणूस समोरच भाजी निवडत बसलेला असायचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भोक तळाला पोचलं. आत हवा जाऊ नये म्हणून नायट्रोजन सोडत सोडत तापमापक खाली उतरवला. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढं तापलेल्या कोळशाला हवा मिळाली, की पुढचं काम तो स्वतःच करतो. तापमापकानं एकशे अठरा अंश दाखवले. दहा मीटर बाजूला दुसरं भोकही सोबतच पाडलं होतं. तिथं एकशे एकवीस.

मॅनेजरनी त्याच दिवशी नऊ नंबर कायमचं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. तन्मय नोंदखोलीत येऊन बसला. जाताना म्हणाला, "भरवशाचा हिशोब मी नव्यानं मांडतोय. आपण होऊन चूक सांगणाऱ्याला त्यात काहीतरी जागा हवी. मला अजून जमलेलं नाही."

कुंदा दुपारीच घरी आली. शेषराव अंगणात होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे एकवीस."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग ते उठले, चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"देवाजीकडे. तो पहिला आत जाणार होता. त्याले दुसऱ्याच्या तोंडून नाई समजलं पायजे."

"मी येते," कुंदा म्हणाली.

देवाजी आत्रामचं घर कॉलनीच्या शेवटच्या ओळीत होतं. तो लच्छूचा मुलगा. वय चाळिशीचं, बचाव पथकाचा प्रमुख. लच्छू गेला तेव्हा देवाजी दहा-अकरा वर्षांचा होता. त्यानं दोघांना आत बोलावलं, खुर्च्या दिल्या. स्वतः उभाच राहिला.

शेषरावांनी सगळं सांगितलं, काहीही न वगळता. भिंत, वायू, त्याच्या बापानं ओढून काढलं ते, दुसऱ्या दिवशी पाय उचलला नाही ते, अकरा सह्या. आणि एकशे एकवीस.

"तुह्या बापानं मले जिवंत ठेवलं," ते शेवटी म्हणाले, "अन् मी त्याच्या पोराले आगीत घालत होतो. पाया पडलो असतो, पण तू लहान हायेस. काय म्हणायचं ते म्हण."

 आतल्या खोलीत त्याची मुलगी मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती, ती थांबली.

"काका, पाच तारखेले मी सकाळी घरून निंघालो असतो," तो म्हणाला. "बायकोनं डबा देल्ला असता."  तो खिडकीपाशी गेला. पाठमोरा उभा राहिला. कुंदाला वाटलं आता उठावं. तिनं वडिलांच्या दंडाला हात लावला. ते उठले नाहीत.

देवाजी वळला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच झाला होता.

"आता तुमी खरंच सांगून रायले, तं एक विचारतो. लोक माह्या बापाबद्दल एकच सांगतात. लच्छू वाघ होता, लच्छू कशाले भेत नव्हता. मी पथकात गेलो तवापासून हेच ऐकतो. पण मी उतरतो तवा माहे हात कापतात काका. दर टायमाले. कोणाले नाई सांगतलं." तो थांबला. "त्या दिवशी तुमाले काढाले आला, तवा तो भ्याला होता का?"

शेषरावांनी घाई केली नाही. एकतीस वर्षं मागं जाऊन नीट बघून यावं तसं त्यांनी आधी सगळं आठवून घेतलं.

"भ्याला होता," ते म्हणाले. "शुद्धीवर आलो तवा पह्यले त्याचे हात दिसले. कापत होते. दात वाजत होते. मले म्हणे, शेषराव, मी दोनदा मांगं फिरलो अन् मंग आलो, कोणाले सांगू नको. मी आजवर नाई सांगतलं."

देवाजी भिंतीला टेकला आणि सावकाश खाली बसला, जमिनीवरच. आतून मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

"दोनदा?" त्यानं विचारलं.

"दोनदा. तिसऱ्यांदा आला."

कुंदानं वडिलांच्या दंडावरचा हात काढला नाही. देवाजीनं मुलीला चहा टाकायला सांगितलं आणि गुडघ्यावर हनुवटी ठेवून म्हणाला, "आणखी सांगा काका. कसा चालायचा तो? मले त्याचा आवाजबी आठवत नाई."

शेषराव खुर्चीत मागं रेलले, आणि लच्छू आत्राम खदानीत पहिल्यांदा कामाला लागला त्या दिवसापासून सांगू लागले.